इंग्रजीत बोललेलं धरत नाहीत

“अ सन-इन-लॉ मस्ट नॉट टच द वॉल विथ ऑइली हँड्स!” सासूबाई म्हणाल्या आणि लाकडी पट्टी टेबलावर आपटली.

मिस्त्रींनी भिंतीवरचा हात झटकन काढला. पण व्हायचं ते झालं होतं. भिंतीवर ग्रीसची पाच बोटं उठली होती, चांगली ठसठशीत. जावयाने भिंतीला तेलकट हात लावता कामा नये, एवढं मिस्त्रींना कळलं. त्यांनी खिशातली डायरी काढली, पान उलटलं, ओठ हलवून वाक्य जुळवलं आणि छाती फुगवून सोडून दिलं.

“द वॉल कॅन वेट. द टी कॅनॉट!”

“कॅनॉट बरोबर,” सासूबाई स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या. “सांग त्याला. आणि चहा दे.”

“दोघं आपल्या भाषेत भांडा की जरा,” बायको आतून ओरडली. “मला मधे कशाला नाचवता?”

पण तेच तर शक्य नव्हतं. सासूबाई आणि मिस्त्री बावीस वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. गेली सहा वर्षं तर एकाच घरात राहून, एकाच टेबलावर जेवून. मिठाची बाटली हातभर अंतरावर असली तरी सासूबाई लेकीला म्हणायच्या, “सांग तुझ्या नवऱ्याला, मीठ सरकव.” मिस्त्री मीठ सरकवत म्हणायचे, “सांग, सरकवलं.” बायको म्हणजे घरातलं टेलिफोन एक्स्चेंज झाली होती. पहिली काही वर्षं तिने अख्खी वाक्यं इकडची तिकडे पोचवली. पुढे पुढे ती नुसती एकदा आईकडे आणि एकदा नवऱ्याकडे मान हलवायची. कॉल लागला म्हणायचा.

झालं होतं असं. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करणारे आणि सासूबाई शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवणाऱ्या. ज्या माणसाला ‘ही’ आणि ‘हिम’ यातला फरक कळत नाही त्याला मी मुलगी देणार नाही, असं त्यांनी भर स्टाफरूममध्ये जाहीर केलं होतं. शेवटी पोरांनी नोंदणी कचेरीत लग्न करायचं ठरवलं, चौथ्या मजल्यावर. नवरदेव अर्धा तास आधी पोचले. आता कुठल्याही शहाण्या नवरदेवाने अशा वेळी काय करावं? आरशात भांग बघावा, घाम पुसावा. मिस्त्रींनी लिफ्टच्या दाराला कान लावला. लिफ्ट कुरकुरत होती! ते कुरकुरणं त्यांना ऐकवेना. “दोन मिनिटांचं काम,” म्हणून नव्या कोऱ्या शर्टाच्या बाह्या सारून ते वर मशीनरूममध्ये गेले, मेन स्विच खाली ओढला आणि ग्रीस भरायला बसले. इतक्यात खालून पुकारा झाला. तसेच काळे हात घेऊन धावत सुटले. सही केली. मुलीच्या बाजूने साक्षीदार कमी पडत होता, तिथे कचेरीच्या शिपायाने सही ठोकली. लग्न झालं, फोटो झाले, हारही घालून झाले.

स्विच खालीच राहिला.

आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे, काळ्याकुट्ट अंधारात, सासूबाई पूर्ण दोन तास उभ्या होत्या.

मला मुद्दाम अडकवलं, हे त्यांचं मत त्या दिवशी झालं ते झालं. मिस्त्री शपथेवर सांगायचे की विसरलो. पण मनातल्या मनात, अगदी आत, त्यांना वाटायचं की बरंच झालं, बाई लग्न मोडायलाच निघाल्या होत्या. माफी मागायची तर आधी बोलायला हवं, आणि बोलायचं तर आधी माफी मागायला हवी. अशी ती गाठ बसली ती बसलीच. सासूबाईंनी त्यानंतर लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि त्या लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा मिस्त्रींनी मुकाट्याने तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडून तळमजल्यावर घेतलं. साऱ्या शहराला वर-खाली नेणारा माणूस स्वतः जमिनीला चिकटून बसला.

मग आता हे इंग्रजी कुठून उपटलं?

तर मिस्त्रींची कंपनी एका परदेशी कंपनीने घेतली. नव्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात नोटीस लावली. प्रत्येक मेकॅनिकची तोंडी इंग्रजी परीक्षा. शुक्रवारी, सातव्या मजल्यावर. जो पास होईल तो कामावर. जो नापास होईल त्याने हत्यारांची बॅग जमा करायची आणि स्टोअरमध्ये बसायचं.

स्टोअर म्हणजे तळघरातली बिनखिडकीची खोली. तिथे दिवसभर नट त्यांच्या मापाप्रमाणे वेगळे करायचे. संध्याकाळी कुणीतरी ते पुन्हा मिसळून ठेवायचं, असं मिस्त्रींचं ठाम मत होतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी काम कुठून आलं असतं? आणि बॅग म्हणजे एकतीस वर्षांची, जाड कॅनव्हासची. पट्टा बायकोने चार वेळा शिवलेला. मिस्त्री डावा खांदा किंचित वर करून चालायचे, बॅग नसली तरी. ती बॅग काउंटरवर ठेवून पावती घ्यायची! नोटीस वाचून घरी आले ते बॅग मांडीवर घेऊनच बसले.

“अहो, छत्तीस वर्षं इंग्रजीचं व्याकरण शिकवलेली बाई घरात आयती बसलीय,” बायको म्हणाली, “आणि तुम्ही गळे काढताय!”

सासूबाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

“सांग त्याला,” त्या म्हणाल्या, “उद्यापासून संध्याकाळी सहा. वही नको, कान हवेत. आणि हेही सांग, इंग्रजीत बोललेलं मी बोलण्यात धरणार नाही.”

आणि काय सांगावं, घरात धमाल उडाली! बावीस वर्षांची कोंडी फुटायला एक फट मिळाली आणि दोघं तिच्यावर तुटून पडले. “यू शुड रिपेअर द टॅप!” “आय विल रिपेअर द टॅप!” “यू सेड इट लास्ट मंथ!” “आय माइट से इट नेक्स्ट मंथ!” नळ गळतच राहिला, पण मिस्त्रींचं इंग्रजी गळायचं थांबलं.

अवघड भाग मात्र एक्स्चेंजमधूनच जायचा.

“सांग त्याला, कॅन, मे, मस्ट वगैरे ही आठ क्रियापदं म्हणजे साहेब लोक. स्वतः काही काम करत नाहीत. दुसऱ्या क्रियापदाच्या पुढे उभं राहून नुसतं सांगतात, जमेल का, चालेल का, की करायलाच हवं.”

“सांग, असे आमच्याकडे पुष्कळ आहेत.”

“सांग, यांच्यामागे ‘टू’ लावायचा नाही. मस्ट गो. मस्ट टू गो म्हणालास तर पट्टी बसेल.”

मिस्त्रींनी डायरीत लिहिलं, मस्टच्या मागे जास्तीचा स्क्रू नको. मग त्यांना शंका आली. “विचार, पुस्तकात ते शॅल पण आहे. ते नववं.”

“सांग, शॅल माझ्यासारखं. रिटायर. आदर आहे, पण कामाला कुणी बोलवत नाही.”

आठ! मिस्त्रींच्या डोक्यात टकन दिवा लागला. कंपनीच्या इमारतीत तळमजला धरून आठच मजले होते. त्यांनी भंगारातून बटणांच्या आठ जुन्या चकत्या आणल्या आणि त्यांच्यावर एकेक शब्द कोरला. तळाला माइट, कारण त्यात काही जोरच नाही, होईल किंवा नाही होणार. मग मे, कुड, कॅन, वुड, विल. सहाव्यावर शुड. आणि सातव्यावर मस्ट, त्याच्यापुढे फक्त गच्ची. चकत्यांच्या पाठीमागे कारखान्याच्या खाचा असतातच. पहिल्या मजल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा. तळमजल्याची पाठ गुळगुळीत. अक्षरांवर मिस्त्रींनी पांढरा कागद चिकटवला. बोटाने पाठीवरच्या खाचा मोजायच्या, शब्द म्हणायचा, वाक्य करायचं, मग कागदाचा कोपरा उचलून बरोबर आलं का ते बघायचं.

सासूबाईंनी एकेक चकती चष्म्याजवळ नेऊन पाहिली. वुड विलच्या खाली का, याचा बराच वेळ विचार केला.

“इट इज नॉट राँग,” त्या म्हणाल्या. छत्तीस वर्षांत एवढी स्तुती त्यांनी कुणाची केली नव्हती. मिस्त्री त्या दिवशी बिनसाखरेचा चहा प्यायले आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही.

फक्त सहावा मजला अडायचा. शुड. जे करायला हवं ते सांगायचं.

“आय शुड ड्रिंक टी,” मिस्त्री म्हणायचे.

“वन मोर.”

“आय शुड ड्रिंक मोर टी.”

सासूबाई पट्टी हवेत धरून वाट बघायच्या. एके दिवशी त्यांनी लेकीला सांगितलं, “पुढे ‘हॅव’ लावतात तेही शिकव त्याला. शुड हॅव. वेळ निघून गेल्यावर वापरतात.” बायकोने ते जरा हळूच पोचवलं. मिस्त्री डायरीत बघत राहिले.

“आय शुड हॅव रिपेअर्ड द टॅप,” शेवटी ते म्हणाले.

“टॅप?” सासूबाई.

“टॅप,” मिस्त्री.

पट्टी खाली आली. त्या दिवशीचा तास संपला.

गुरुवारी दुपारी साहेबांचा निरोप आला. साहेब म्हणजे ज्यांनी परीक्षेचे फॉर्म वाटले ते. फॉर्म वाटणाऱ्याला परीक्षा द्यावी लागत नाही, हा नियम त्यांनी फॉर्म वाटायच्या आधीच शोधून ठेवला होता. “उद्या परदेशातून मॅडम येताहेत परीक्षा घ्यायला,” ते म्हणाले. “मोठ्या लिफ्टच्या बटणांवरचे आकडे पार झिजलेत. नव्या चकत्या आज बसल्याच पाहिजेत. वरचा कागद मात्र काढू नका. तो मी काढणार. मॅडमच्या समोर!” साहेबांना उद्घाटनाची भारी हौस. ऑफिसात पंखा बदलला तरी ते टाळ्या वाजवून घ्यायचे.

नव्या चकत्या कारखान्यातून येतात त्या तशाच, तोंडावर पांढरा कागद चिकटवलेल्या, ओरखडा पडू नये म्हणून. मिस्त्रींनी त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून घरी ठेवल्या होत्या. अभ्यासाच्या चकत्याही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. सासूबाईंना एकाच प्रकारची बिस्किटं लागत आणि घरात तसले अकरा डबे होते. सकाळी निघताना टेबलावरचा एक डबा मिस्त्रींनी बॅगेत टाकला होता.

आता मिस्त्रींचं काम कसं, ते सांगायला हवं. पॅनेल उतरवायचं, घोंगडीवर पालथं घालायचं आणि मागच्या बाजूने, न बघता, खाचा मोजून एकेक चकती बसवायची. एकतीस वर्षांत त्यांनी पुढून बघितलं नव्हतं. बघायला लागतं ते शिकाऊंना, असं ते म्हणायचे. शिवाय डोक्यात परीक्षा नाचत होती. एक खाच, “मे आय कम इन?” दोन खाचा, “कुड यू हेल्प मी?” तीन खाचा, “आय कॅन.” बोटं मोजत होती, तोंड म्हणत होतं आणि दोन्ही अगदी तंतोतंत जुळत होतं. तिथेच शंका यायला हवी होती. पण मिस्त्रींना उलट हुरूप आला. पॅनेल टांगलं, कागदावरूनच बटणं दाबून आठही मजले फिरून आले, दिवे लागतात ते बघितलं आणि शीळ घालत घरी गेले.

घरी जाऊन एकदा उजळणी केली असती तरी घोटाळा कळला असता. पण सासूबाईंचा नियम होता. “सांग त्याला, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी अभ्यास बंद. डबा उघडायचा नाही.”

शुक्रवारी सकाळी सासूबाई साडी नेसून, पर्स घेऊन दारात उभ्या.

“आई, तू कुठे?”

“कच्चा विद्यार्थी परीक्षेला बसला की मी वर्गाबाहेर खुर्ची टाकून बसते. छत्तीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही. सांग त्याला, चल म्हणावं.”

“पण परीक्षा सातव्या मजल्यावर आहे.”

“मी तळमजल्यावर बसेन. बाहेर म्हणजे बाहेर.”

वॉचमनने लिफ्टसमोर खुर्ची दिली. सासूबाई बसल्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. लिफ्टकडे त्यांनी बघितलं नाही. बायको शेजारी उभी राहिली. एवढ्यात साहेब आले. बरोबर उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांच्या मॅडम. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलत नव्हती. मागे ऑफिसातली पाच-सात माणसं, वर जायच्या घाईत.

“मॅडम!” साहेब म्हणाले. “न्यू बटन्स!” आणि त्यांनी दोन बोटांत धरून सर्वांत खालचा कागद टर्रकन ओढला.

बटणावर लिहिलं होतं, माइट.

टाळ्या वाजवायला उचललेले हात हवेतच राहिले. साहेबांनी दुसरा कागद ओढला. मे. तिसरा ओढला. कुड. आता त्यांना थांबता येईना. माणूस घसरगुंडीवर बसल्यासारखे ते वरपर्यंत गेले आणि मस्टपाशी उघडे पडले.

“हे काय आहे?” त्यांनी दात न उघडता मिस्त्रींना विचारलं. “मजले कुठे गेले?”

“घरी,” मिस्त्री म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर तो दुसरा डबा आला, टेबलावर ठेवलेला. “दुसऱ्या डब्यात.”

मागून टायपिस्ट बाई पुढे घुसल्या. “अहो, मला उशीर होतोय. चौथ्यावर जायचंय, काय दाबू?”

“वुड,” मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं.

“हू डिड धिस?” मॅडमनी विचारलं.

“येस मॅडम!” साहेब म्हणाले.

मिस्त्रींनी वर्गात करतात तसा हात वर केला. “आय डिड.”

खुर्चीवर सासूबाईंची मान किंचित हलली. भूतकाळ बरोबर होता.

मॅडमनी घड्याळ बघितलं, हातातला फॉर्म बघितला, मग त्या आठ शब्दांवरून खालून वर नजर फिरवली. “गेट इन,” त्या म्हणाल्या. मिस्त्री आत गेले. साहेबही गेले, कारण त्यांना वाटलं आपल्यालाच सांगितलं. दार बंद झालं. मॅडमनी पेनाचं टोक माइटवर टेकवलं आणि मिस्त्रींकडे बघितलं. बोल, असा अर्थ.

परीक्षा सुरू झाली होती! मिस्त्रींनी खांद्यावरचा पट्टा घट्ट धरला.

“धिस माइट बी माय लास्ट डे,” ते म्हणाले. आज शेवटचा दिवस ठरू शकतो. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मॅडमनी पुढचं बटण दाबलं. पहिला मजला.

“मे आय एक्स्प्लेन?”

“यू मे.”

दुसऱ्यापर्यंत त्यांनी दोन डब्यांची सगळी हकिकत सांगितली. बिस्किटांना इंग्रजीत बिस्किटच म्हणतात हे देवाचे उपकार होते. “आय कुड चेंज इट इन फॉर्टी मिनिट्स,” ते म्हणाले. तिसरा मजला आला. दार उघडून मिटलं, लिफ्ट वर निघाली आणि मिस्त्री एकदम ताठ झाले.

“आय कॅन हिअर इट!” ते ओरडले. “बॅड रोलर! मॅडम, लिसन! हिअर!” आणि त्यांनी लिफ्टच्या भिंतीला कान लावला. मॅडम क्षणभर बघत राहिल्या, मग चष्मा वर सरकवून त्यांनीही कान लावला. मग साहेबांनी लावला, येस येस म्हणत, उलट्या भिंतीला. अंगाला बारीक हिसका बसला आणि रुळावर झिजलेलं चाक घासल्यासारखा खर्र असा आवाज आला.

“देअर,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“देअर!” मिस्त्रींना आता भीती उरलीच नव्हती. चौथा मजला. “थर्टी-वन इयर्स! आय वुड डू इट अगेन!” एकतीस वर्षं केलं, पुन्हाही करीन. पाचवा. त्यांचा आवाज खाली आला. “विल यू टेक माय बॅग?”

मॅडमनी पेन शुडवर टेकवलं.

सहावा मजला आला, दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मिस्त्रींना चहा आठवला. नळ आठवला. मग त्यांना खालची खुर्ची दिसली, पर्सवर ठेवलेले दोन हात दिसले.

“अ सन-इन-लॉ,” ते म्हणाले, “शुड हॅव सेड सॉरी.”

“लाँग अगो?” मॅडमनी विचारलं.

“ट्वेंटी-टू इयर्स.”

मॅडमनी शेवटचं बटण स्वतः दाबलं आणि त्याचं वाक्यही स्वतःच केलं. “यू मस्ट चेंज दीज बटन्स बाय फाइव्ह ओ’क्लॉक.” पाचच्या आत बटणं बदला. मग दार उघडता उघडता त्यांनी मिस्त्रींच्या बॅगेकडे बोट दाखवलं. “अँड रिपेअर दॅट रोलर.”

रोलर दुरुस्त करायचा म्हणजे हत्यारं लागणार! म्हणजे बॅग राहणार! मिस्त्रींना हे समजायला अर्धं मिनिट लागलं. साहेबांना जरा जास्त लागलं.

पण फॉर्म भरता भरता मॅडम चौदाव्या रकान्याशी अडल्या. शिकवणाऱ्याचं नाव आणि सही, परीक्षेच्या खोलीत, परीक्षकासमोर. त्याशिवाय निकाल ग्राह्य नाही. बाकीच्यांनी आपापल्या क्लासवाल्यांना बरोबर आणलं होतं.

“माय टीचर इज डाउन,” मिस्त्री म्हणाले. “शी डज नॉट टेक लिफ्ट. आय कॅन टेक द फॉर्म डाउन?”

“द फॉर्म मस्ट नॉट लीव्ह धिस रूम,” मॅडम म्हणाल्या. नियम त्यांचा नव्हता, पण मोडायचाही नव्हता.

मिस्त्री खाली आले. सासूबाईंनी मान वर केली. बायको मधे उभी राहिली, सवयीने. पण मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलंच नाही. सरळ खुर्चीपुढे उभं राहून त्यांनी इंग्रजीत सांगितलं. पास. बॅग. पण सही. तुमची. वर.

सासूबाईंनी पहिल्यांदा लिफ्टकडे बघितलं. दार उघडं होतं. आत दिवा होता, आरसा होता आणि भिंतीवर त्यांचे आठ शब्द होते.

“इज इट सेफ?”

आता ‘येस’ म्हणायला काय जात होतं? पण यंत्राच्या बाबतीत मिस्त्री खोटं बोलत नसत. “इट विल शेक,” ते म्हणाले. “आफ्टर थ्री. बॅड रोलर. इट विल नॉट स्टॉप.”

तिसऱ्यानंतर हलेल. थांबणार नाही.

सासूबाईंनी हे तोलून पाहिलं. गुडघ्यांवर हात देऊन त्या उठल्या. बायकोने तोंडावर हात ठेवला. उंबरा ओलांडताना त्या थबकल्या, खाली फटीतला अंधार बघितला आणि पाय उचलून आत टाकला. मिस्त्रींनी मस्ट दाबलं.

माइट. मे. कुड. दोघं दाराकडे तोंड करून उभे. कॅन. मग हिसका आला. मिस्त्रींना खांद्यावर ओझं जाणवलं. सासूबाईंनी बॅगेचा पट्टा पकडला होता.

“मी अडवायला येत नव्हते.”

मिस्त्रींना कळेना कोण बोललं. ते इंग्रजीची वाट बघत होते.

“त्या दिवशी,” सासूबाई दाराकडेच बघत म्हणाल्या. “तिने फोन केला होता, आपल्याकडून सहीला कुणी नाही म्हणून. मी शाळेतून तशीच निघाले. हे घेऊन.” त्यांनी दुसऱ्या हाताने पर्स उघडली. आत जुनं, जाडजूड, काळं शाईपेन होतं.

मिस्त्रींनी पेन बघितलं. ओठ हलले. “आय शुड हॅव...”

“ते आपल्या भाषेत सांग.”

बावीस वर्षांत त्यांनी हे वाक्य किती वेळा मनात घोळवलं होतं, तेव्हा ते केवढं लांबलचक असायचं. आता चार शब्दही धड सुचेनात. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “स्विच वर करायला हवा होता. आधी तुम्हाला विचारायला... मी समजलो की तुम्ही...”

“हं,” सासूबाई म्हणाल्या.

सातव्या मजल्यावर त्यांनी फॉर्म आधी नीट वाचला. चौदाव्या रकान्यात एक ‘द’ कमी होता. तो त्यांनी वर बाण करून घातला आणि मग झोकदार सही केली. मॅडमनी दुरुस्ती बघितली आणि शिक्का मारला. सासूबाईंनी पेनाला टोपण लावलं, पर्समध्ये ठेवलं आणि पर्सचा खटका दोनदा दाबून बघितला.

खाली येताना पुन्हा हिसका बसला. सासूबाईंनी पुन्हा बॅगेचा पट्टा धरला. तळमजल्याला दार उघडलं. समोर बायको, चेहरा पांढराफटक. तिने एकदा आईकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, कॉल लावायच्या तयारीत. पण आत दोघंही हलले नाहीत. पट्ट्यावरचा हात तसाच होता. दार ठरल्याप्रमाणे सात सेकंद थांबलं आणि मिटलं. बटण कुणी दाबलंच नव्हतं. लिफ्ट होती तिथेच उभी राहिली.

बाहेरून बायकोने दारावर थापा मारल्या. “आई! अहो! अडकलात का? अहो!”

मिस्त्रींनी बटणाकडे हात नेला आणि तसाच धरला. शेजारून आवाज आला.

“सांग तिला,” सासूबाई म्हणाल्या, “अडकलो नाही म्हणावं.”